वाड्यात आधी कोण राहत होतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की भीतीच्या पिक्चरबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळे घेता येणार नाहीत. पण वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतोय, की वाईट जे काही असतं ते जागेत असतं का माणसात. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव देतेय.

प्रश्न: ताई, 'लपाछपी' मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळेला मला त्या भुतांपेक्षा ती तुळसाबाईच जास्त भीतीदायक वाटली. ती तर किती गोड बोलते. असं का होत असेल? (एक वाचिका, सांगली)

उत्तर: गोड बोलते म्हणूनच. २०१७ चा पिक्चर, विशाल फुरियाचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर शहरातून पळून उसाच्या फडात एका घरात येऊन राहते, नवरा कर्जात बुडालेला, मागे गुंड लागलेले, आणि ते घर असतं त्यांच्या ड्रायव्हरचं, तिथे त्याची बायको तुळसाबाई (उषा नाईक) तिची सगळी काळजी घेते. आता बघा, भूत दिसलं की आपण सावध होतो, पण आपल्याला "बाळा, दोन घास खा" म्हणणाऱ्या बाईपासून सावध व्हायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं, उलट तिच्यावर विश्वास ठेवायलाच शिकवलेलं असतं. आणि तुळसाबाई स्वतःला वाईट समजत नाही, तिच्या मते ती घराण्याच्या भल्याचंच करतेय! मला विचाराल तर पिक्चरमधलं सगळ्यात भयानक हेच आहे.

आणि तो ऊस. मी उसाच्या पट्ट्यातच वाढले म्हणून सांगते, त्या डायरेक्टरनं जागा अगदी अचूक निवडली. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, दोन पुरुष उंच होतो, आत शिरलं की पानाच्या कडांनी हातावर बारीक रेघा उठतात, त्यावर घाम लागला की चुरचुरतं, पानावरची बारीक कूस टोचते ती वेगळीच. बाहेर कितीही वारा असू दे, आत हवा नाही, नुसती वर सळसळ. कुठल्याही सरीत उभं राहा, पुढे मागे सगळं सारखंच. हाक मारली तर आवाज कुठून आला कळत नाही. भर दुपारी बारा वाजता माणूस घाबरतो तिथे, अंधार लागतच नाही.

पण ऊस वाईट नाहीये हो. त्या फडात जे काही आहे ते माणसांनी केलंय, मुलगी नको म्हणून. आणि हे काही कुठल्या लांबच्या देशातलं नाही, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात फक्त ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे कायदा येऊन सतरा वर्षं झाल्यावरचा हा आकडा आहे. तो आकडा डोक्यात ठेवून 'लपाछपी' तिसऱ्यांदा बघा. ती लपाछपी खेळणारी मुलं मग वेगळीच दिसतात. (त्याच डायरेक्टरनं २०२१ ला हिंदीत 'छोरी' केला, मला मराठीच जास्त भिडला.)

तुम्हाला हा आवडला असेल तर एक जुना जपानी पिक्चर शोधून बघा, 'ओनिबाबा', १९६४ चा, कानेतो शिंदोचा. तिथे उसाच्या जागी माणसापेक्षा उंच गवत आहे, लढाईचे दिवस आहेत, सासू आणि सून त्या गवतात वाट चुकलेल्या सैनिकांना मारतात, अंगावरचं चिलखत काढून विकतात, त्यावर धान्य आणतात आणि प्रेतं एका खोल खड्ड्यात टाकतात. तिथे मुळाशी भूक आहे. भूक, आणि ती लढाई ज्यांनी लावली ते कुठल्यातरी लांबच्या गढीत बसलेले सरदार, जे पिक्चरमधे दिसतच नाहीत.

प्रश्न: आम्ही रीसेलचा फ्लॅट घेतला. सहा महिन्यांनी शेजारणीकडून कळलं की आधीच्या भाडेकरूंपैकी एका तरुण मुलीनं तिथे जीव दिला होता. ब्रोकरनं सांगितलं नाही. त्यात मिस्टरांनी 'भूत' लावला आणि आता मला बाथरूमलासुद्धा एकटीला जाववत नाही. जागा सोडावी का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: आधी हे सांगा, मिस्टरांना आधीपासून माहीत होतं का? टोमणा मारायचा म्हणून विचारत नाहीये, 'भूत'मधे नेमकं तेच आहे. २००३ चा रामगोपाल वर्माचा पिक्चर, एकही गाणं नाही, ना हवेली ना जंगल, मुंबईतला उंच टॉवरमधला चांगला फ्लॅट. नवऱ्याला माहीत असतं की इथून एक बाई पडून मेली, तरी तो घर घेतो आणि बायकोला सांगत नाही. कशाला घाबरवायचं म्हणून. पुढचं सगळं त्या न सांगण्यातून वाढत जातं. उर्मिला मातोंडकरनं त्यात जे काम केलंय ते आजही बघताना अंगावर येतं. पण मला त्यात भुतापेक्षा तो नवऱ्याचा चेहरा लक्षात राहतो, जो सगळं माहीत असून "काही नाही गं, तुला भास होतोय" म्हणतो.

जागा सोडायची की नाही हा पैशाचाही प्रश्न आहे, तो मी इथून ठरवू शकत नाही. पण सोडण्याआधी एक करून बघा, ती मुलगी कोण होती, काय झालं होतं, हे शेजारणीला बसवून नीट विचारा. मला खात्री आहे की ऐकल्यावर भीतीपेक्षा वाईट जास्त वाटेल, आणि वाईट वाटणं सोसता येतं. भिंतीत काही राहत नाही हो. एक घाबरलेली किंवा एकटी पडलेली मुलगी होती आणि ती गेली, एवढंच. हवं तर एक दिवा लावा तिच्यासाठी. आणि ब्रोकरनं लपवलं याचा राग येत असेल तर तो बरोबरच आहे.

प्रश्न: हस्तर खरंच पुराणात आहे का? आमच्या ग्रुपमधे यावरून भांडण चालू आहे. आणि तुंबाड गाव खरं आहे का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: हस्तर पुराणात कुठेही नाही, तो 'तुंबाड' पिक्चरवाल्यांनी घडवलेला देव आहे. गाव मात्र खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकांना आधीपासून ओळखीचं, आणि गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या एका कथेतलं. राही अनिल बर्वेनं ती कल्पना कित्येक वर्षं डोक्यात बाळगली, खऱ्या पावसात शूटिंग करायचं म्हणून एकामागून एक पावसाळे थांबले, आणि पिक्चर आला ऑक्टोबर २०१८ मधे. तो पडका वाडा दिसतो ना, ते सासवडच्या पुरंदरे वाड्यात शूट झालंय. कधी सासवडला गेलात तर बघून या. तो खराखुरा, कर्तबगार घराण्याचा वाडा आहे, त्यात हस्तर नाही, एवढं मात्र मित्रांना जाऊन सांगा.

आता मला जे सांगायचंय ते. पिक्चरची गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशी तीन टप्प्यांत चालते. हस्तरला सोनं मिळालं पण धान्याला त्याला हात लावता आला नाही, म्हणून तो उपाशी आहे, म्हणून कणकेची बाहुली टाकली की तो येतो आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा काढायच्या. म्हणजे बघा, हस्तर कुणाच्या घरी जात नाही! तो खाली विहिरीच्या पोटात पडलाय, शांत. दोर बांधून खाली जातो तो पिक्चरचा नायक, विनायक. पुण्याहून मुद्दाम प्रवास करून, पावसात भिजत, पुन्हा पुन्हा जातो. आईनं जायचं नाही म्हणून वचन घेतलं होतं तरी.

आणि मला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली सांगू? विहिरीत नाही. विनायक आपल्या लहान मुलाला, पांडुरंगाला, या कामासाठी तयार करतो तिथे. मुलगा पायानं अधू आहे. बाप त्याला कसं उतरायचं, किती वेळात हात घालायचा, चुकलं तर काय, सगळं शिकवतो, जसं एखादा सोनार पोराला हत्यारं हातात देतो तसं. आणि पोरगं मन लावून शिकतं कारण बापाला खूश करायचंय. त्या सीनमधे काहीच भयानक नाहीये, एक बाप एका मुलाला धंदा शिकवतोय, बस्स. माझ्या पोटात मात्र तेव्हा गोळा आला होता. आता एक गोष्ट सांगते जी बऱ्याच जणांना माहीत नसते, पिक्चरमधली ती साखळदंडातली म्हातारी आणि हा पांडुरंग, दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलानं केली आहेत, मेकअपचे थर चढवून. लोभाचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक, चेहरा एकच. शेवटी तो मुलगा काय करतो ते लिहीत नाही, भांडणात कुणी न बघितलेला असेल तर त्याचा विरस नको.

प्रश्न: कोकण म्हणजे भुतं, हे कधी बंद होणार? मुंबईचे मित्र येतात आणि आमच्या घराच्या पडवीत बसून 'अण्णा नाईक' करतात. वैताग आलाय. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: तुमचा राग मला पटतो. ज्या मालिकेतले हे अण्णा नाईक, ती 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत शूटिंग, आणि तेव्हाही तुमच्याकडच्या लोकांनी आवाज उठवला होता की आमची बदनामी होतेय. मालिका म्हणून मला ती आवडली होती हे खरं सांगते, विशेषतः दुसरा भाग, कारण त्यात अण्णा जिवंतपणी काय काय करत होता हे दाखवलं, जमिनीची हाव, बायकांना दिलेला त्रास, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असून गप्प बसणं. भूत व्हायच्या आधीच तो माणूस घराला बाधलेला होता.

पण पिक्चर-मालिकावाले कोकणाच्या बाबतीत एक मोठी चूक करतात आणि ती मला मनापासून खटकते. तुमच्याकडे देवचार आहे, राखणदार आहे, वेतोबा आहे, ही भुतं नाहीत. आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर मोठ्या चपला अर्पण करतात, का, तर तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो आणि चपला झिजतात म्हणून. केळीचे घड देतात. गाऱ्हाणं घालतात, सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतात. ही राखण करणारी शक्ती आहे, तिचा धाक आहे पण तो घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो तसा. शहरातला लेखक येतो, रात्रीचा कंदील आणि पोफळीची बाग बघतो आणि धाक म्हणजे वाईटच असं धरून चालतो. चपला झिजवत सीमेवर फिरणाऱ्या देवावर अजून कुणी चांगला भयपट केला नाहीये, ज्यात घाबरायचं गावात वाईट करायला आलेल्या माणसानं. कुडाळमधल्या एखाद्या पोरानं हे मनावर घ्यावं असं फार वाटतं.

प्रश्न: 'महल'ला भुताचा पिक्चर म्हणायचं का? नातू म्हणतो नाही. (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर: नातवाचं बरोबर आहे, त्यात भूत नाहीच, माळ्याची मुलगी आहे. पण १९४९ ला थिएटरात बसलेल्या माणसाला शेवटपर्यंत ते माहीत नव्हतं, म्हणून तुमचंही बरोबर! आणि त्या भीतीत निम्मा वाटा लताबाईंचा आहे. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डिंगला खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या. वय वीसच्या आसपास. आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं, लोक रेडिओला विचारत राहिले की कोण आहे ही. संगीतकार खेमचंद प्रकाश तर पिक्चर लागायच्या आधीच गेले, आपलं गाणं देशभर घुमलेलं त्यांना ऐकायला मिळालं नाही. याची मला दरवेळी हळहळ वाटते. नातवाला शेजारी बसवून पुन्हा बघा, आणि त्या नायकाच्या बायकोकडे लक्ष द्या, नवरा एका सावलीच्या मागे वेडा झालाय आणि तिच्याकडे बघायला कुणालाच वेळ नाही.

प्रश्न: आम्ही डेन्व्हरला राहतो. मुलांना घेऊन एस्टेस पार्कचं ते 'द शायनिंग'वालं स्टॅनली हॉटेल बघायला गेलो, पण पिक्चरमधल्यासारखं काहीच नाही. चुकीच्या जागी गेलो का? (एक वाचक, कोलोराडो)

उत्तर: जागा बरोबर होती, पण ती पुस्तकाची जागा. स्टीफन किंग आणि त्याची बायको १९७४ ला त्या हॉटेलात एक रात्र राहिले, सीझन संपून हॉटेल बंद व्हायची वेळ, जवळजवळ दुसरं कुणी पाहुणंच नाही, खोली २१७. त्यातून १९७७ ची कादंबरी आली. कुब्रिकनं १९८० चा पिक्चर मात्र तिथे केलाच नाही, बाहेरून दिसतं ते ओरेगनमधलं टिंबरलाइन लॉज आणि आतलं सगळं, ते कार्पेट, ते कॉरिडॉर, इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेलं. टिंबरलाइनवाल्यांनी सांगितलं की आमच्याकडे २१७ खरंच आहे, लोक मग तिथे राहणार नाहीत, म्हणून पिक्चरमधे २३७ केलं, जी खोली त्यांच्याकडे नव्हतीच. आणि ज्या झाडांच्या भूलभुलैय्यासाठी लोक विचारत यायचे तो स्टॅनलीवाल्यांनी शेवटी २०१५ मधे स्वतः लावला! म्हणजे पिक्चर बघून जागा बदलली.

आता तुमच्या प्रश्नाच्या आतला प्रश्न. ते हॉटेल वाईट आहे का? पिक्चर तसं सुचवतो, आधीच्या केअरटेकरनं तिथे बायको-मुलींना मारलेलं असतं. पण सुरुवातीचा एक छोटासा सीन लोक विसरतात. हॉटेलला जायच्या आधी, घरी, मुलाला तपासायला डॉक्टरीण आलेली असते आणि त्याची आई वेंडी सिगारेट हातात धरून तिला सांगते की मागे एकदा नवऱ्यानं पिऊन येऊन मुलाचा हात असा ओढला की खांदा निखळला. आणि हे ती हसत हसत सांगते, असं होतं हो कधी कधी, पण चांगलं झालं ना, त्यानंतर त्यानं दारू सोडली. सिगारेटची राख लांब होत जाते, ती झटकायचंही तिला भान नाही, आणि डॉक्टरीण हसत नाहीये. माझ्यासाठी पिक्चर तिथेच सुरू होतो. हॉटेलमधे जे घडलं ते त्यांच्या पिवळ्या गाडीत बसून त्यांच्याबरोबरच वर गेलं. असं हसून सांगणारी बाई आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या लग्नात, बारशाला ऐकलेली आहे.

जागाच वाईट, असं पटवून देणारा पिक्चर हवा असेल तर 'द हाँटिंग' बघा, १९६३ चा, रॉबर्ट वाइजचा. त्यात भूत एकदाही दिसत नाही. दार दिसतं. बंद दार, जाड लाकडाचं, आणि ते आतल्या बाजूला फुगतं, श्वास घेतल्यासारखं, आणि परत बसतं. ते लाकडी थर चिकटवून केलेलं दार होतं, पलीकडून माणूस जोर लावून ढकलत होता, बाकी काही नाही. साठ वर्षं झाली, अजून त्याच्याहून चांगलं भीतीचं दार कुणी केलं नाही असं माझं मत आहे. पण तिथेसुद्धा त्या घराला जी एकटी, कुणालाच नको असलेली बाई सापडते ना, तिला तिच्या सख्ख्या बहिणीनं आधीच घराबाहेर काढल्यासारखं केलेलं असतं.

प्रश्न: मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. भयपटात खुनी दाखवायचा झाला की तो "मेंटल". आमच्या पेशंटचे नातेवाईक हेच बघून घाबरतात. याबद्दल कुणी लिहीत का नाही? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर: लिहायला हवं, आणि तुम्ही विचारलंत म्हणून आभार मानते. याची सुरुवात बऱ्याच अंशी 'सायको'पासून धरतात, १९६०, हिचकॉक. मोठा पिक्चर आहे, नाकारायचं कारण नाही. मोटेल चालवणारा नॉर्मन मुक्कामाला आलेल्या मुलीला सँडविच आणि दूध आणून देतो आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांखाली बसून दोघं बोलतात, तो सीन तर मी कितीही वेळा बघू शकते. पण त्याच्यामागून आलेल्या शेकडो पिक्चरनी त्यातलं फक्त "वेडा म्हणजे खुनी" एवढंच उचललं आणि त्याची किंमत तुमच्या वॉर्डातले लोक मोजतायत.

मूळ गोष्ट आणखी वेगळी आहे. रॉबर्ट ब्लॉकनं कादंबरी लिहिली १९५९ ला. १९५७ मधे विस्कॉन्सिनच्या प्लेनफिल्ड नावाच्या छोट्या गावात बायकांचे खून करणाऱ्या एड गीनला पकडलं होतं आणि ब्लॉक तिथून पस्तीसेक मैलांवर राहायचा. त्याला धक्का कसला बसला, तर एवढ्याशा गावात, जिथे कुणाच्या घरी काय शिजलं तेही सगळ्यांना कळतं, तिथे एक माणूस वर्षानुवर्षं हे करत होता आणि कुणाला पत्ता नाही. म्हणजे त्याच्या मनात प्रश्न गावाचाही होता. पिक्चरमधे तो राहिला नाही, शेवटी एक डॉक्टर येऊन लांबलचक भाषण देतो आणि सगळं आजारावर ढकलून मोकळे.

याच्या उलट बाजूचा म्हणून मल्याळममधला 'मणिचित्रताळ' बघा, १९९३ चा, फाझिलचा, ज्यावरून पुढे 'भूल भुलैया' झाला. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे कुलूपबंद खोली आहे, नर्तकीची जुनी कथा आहे, पण त्या बाईला कुणी डायन ठरवून संपवत नाही, आजारी आहे म्हणून वाचवतात. उपचार दाखवलेत ते सिनेमातलेच, तुम्हाला ते बघून हसू येईल, तरी नवरा शेवटपर्यंत तिच्या बाजूनं उभा असतो याचं मला फार वाटतं.

आणि हे नातेवाईकांना नक्की सांगा, महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा गुन्हा आहे. ज्या डॉ. दाभोलकरांनी यासाठी आयुष्य घातलं त्यांचा त्याच वर्षी ऑगस्टमधे पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर तो कायदा आला.

प्रश्न: अकरा वर्षांचा मुलगा 'तुंबाड' बघायचा म्हणून हट्ट करतोय. दाखवू का? (एक आई, पनवेल)

उत्तर: नको. त्याला 'ए' सर्टिफिकेट आहे आणि ते बरोबर आहे. २०२४ पासून यूए मधे सात, तेरा आणि सोळा असे तीन गट केलेत ते बघून ठरवत जा, सोपं झालंय आता. तोपर्यंत 'झपाटलेला' आहेच, १९९३ चा असूनही मुलांना अजून तात्या विंचू आवडतो. बघताना घाबरला तर टीव्ही बंद करू नका, आवाज कमी करा. निम्मी भीती कानातून येते, आवाज गेला की बाहुला बाहुला दिसतो.

प्रश्न: मानवतच्या खुनांवर वेब सिरीज आली. आमच्या जिल्ह्याचं जुनं दुखणं. असं खऱ्या मेलेल्या माणसांवर करमणूक करावी का? माझ्या आईला अजून त्या दिवसांची आठवण आली तरी ती दार लावून घेते. (एक वाचक, परभणी)

उत्तर: न वाचलेल्यांसाठी, १९७२ ते ७४ च्या काळात मानवतमधे बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले, गुप्तधन मिळावं म्हणून बळी दिले असं तपासात पुढे आलं. त्यावरून अमोल पालेकरांनी १९८१ ला 'आक्रीत' केला, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला, लिहिला विजय तेंडुलकरांनी. आणि २०२४ ला सिरीज आली, आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत.

तुमचा प्रश्न मला बरेच दिवस सतावतोय. मी एवढंच बघते, की पिक्चर संपल्यावर मला मेलेल्या मुली आठवतायत का मारणारे आठवतायत. मारणारेच आठवत असतील, त्यांचे डायलॉग, त्यांचे डोळे, तर काहीतरी चुकलंय. 'आक्रीत' मला म्हणून मोठा वाटतो, त्यात धडकी भरवणारं म्युझिक वाजवून कुणाला राक्षस केलेलं नाही, हाव आहे, गावातली पत आहे, आणि ज्यांच्या मुली गेल्या तर फारसं कुणी विचारणार नाही असे गरीब लोक आहेत. तुमच्या आईला ती सिरीज दाखवू नका, पण त्यांना कधी बोलायचं असेल तर ऐकून घ्या, आणि जमलं तर लिहून ठेवा. दार लावून घेणाऱ्या आयांची बाजू अजून कुठल्याच पिक्चरमधे आलेली नाही.

प्रश्न: आमच्या आजोळी मळ्यात एक जुनी विहीर आहे. रहाट काढून टाकलाय, काठाच्या दगडावर दोराच्या खाचा अजून आहेत. लहानपणी आम्हाला सांगायचे, बाराच्या टायमाला तिकडे फिरकू नका, हडळ आहे, बाळंतीण गेली होती त्यात. नंतर मोठी झाल्यावर मावशीच्या तोंडून निसटलं की ती बाई म्हणजे आमच्याच घरातली, आजोबांच्या भावाची पहिली बायको, तिसरी मुलगी झाल्यावर महिन्याभरात गेली. पाय घसरला म्हणतात. मला आता 'लपाछपी' बघवत नाही आणि त्या विहिरीकडेही बघवत नाही. मी काय करू? (एक वाचिका, कराड)

उत्तर: तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. सगळ्यात शेवटी ठेवलं कारण वर मी जे काही पिक्चर सांगितले ते सगळे तुमच्या चार ओळींत आहेत.

बघा ना काय केलं घरानं. एक बाई गेली, का गेली, पाय घसरला, का उडी मारली, का आणखी काही, ते कुणी बोललं नाही, पण मुलांना विहिरीपासून तर लांब ठेवायचं होतं, म्हणून तिची हडळ केली. जिच्यावर अन्याय झाला तिलाच भीती दाखवायला उभं केलं. गावोगावच्या कितीतरी हडळी अशाच तयार झालेल्या असणार असं मला फार वाटतं. आणि तुम्ही सगळी पोरं भर उन्हात त्या खाचांकडे लांबून बघत मोठी झालात, तिच्याच घरातली असून.

पिक्चरमधे अशा वेळी नायिका काय करते? जुनी ट्रंक उघडते, फोटो शोधते, पाटीवरची धूळ पुसते. ते उगाच दाखवत नाहीत. जोपर्यंत ती 'हडळ' असते तोपर्यंतच ती मागे लागते, आणि कोण होती ते कळलं की गोष्ट बदलते. तुमच्या पत्रात आजोबा आहेत, त्यांचे भाऊ आहेत, मावशी आहे. तिचं नाव नाहीये. मला वाटतं तुम्हालाही माहीत नसेल.

मावशी आहेत अजून, म्हणजे विचारता येईल. सणावाराला नको, सगळे असतात तेव्हा त्या बोलणार नाहीत. दुपारी, एकट्या असताना, काहीतरी निवडायला घेऊन बसा शेजारी, शेंगा, मेथी, काहीही, हात कामात असले की बायका बोलतात. काय झालं होतं असं एकदम विचारू नका. तिचं माहेर कुठलं, गोरी होती का सावळी, त्या तीन मुली पुढे कुठे दिल्या, त्यातली कुणी आहे का अजून, तिथून सुरू करा. आणि नाव विचारा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. कळलं की मला कळवा.